हौसेला मोल नाही

‘हौसेला मोल नाही’ असे आपल्याकडे म्हणतात. या तीन शब्दांतून दोन अर्थ निघतात. हौसेने केलेल्या गोष्टीचे मोल पैशांत होत नाही, हा एक. आणि हौस म्हटली की माणूस वाटेल ती किंमत मोजतो, हा दुसरा. पहिला अर्थ हौसेचा मान राखतो, दुसरा हौशी माणसाचा खिसा चाचपतो. छायाचित्रणाच्या क्षेत्रात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पहिल्या अर्थाची जागा दुसऱ्याने इतक्या बेमालूमपणे घेतली आहे, की ‘हौशी छायाचित्रकार’ म्हणजे छायाचित्रे काढणारा माणूस नसून कॅमेरे घेणारा माणूस, असे समीकरण रूढ होऊ पाहते आहे. विषय वरवर बाजारपेठेचा दिसतो. पण एका शब्दाचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत पालटला जात असताना मराठी शिकवणाऱ्यांनी गप्प का बसावे? म्हणून हा लेखनप्रपंच.

मराठीत ‘हौशी’ हा शब्द हलका नाही. हौशी रंगभूमीने आणि राज्य नाट्य स्पर्धेने मराठी नाटकाला किती नट, नाटककार आणि दिग्दर्शक दिले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. तिथे ‘हौशी’ म्हणजे पोटासाठी न करणारा. आणि म्हणूनच काही वेळा व्यावसायिकाला न परवडणारे धाडस करणारा. कॅमेऱ्याच्या दुकानात मात्र हाच शब्द एका शिडीच्या पायरीचे नाव होतो. खाली नवशिके, त्यावर हौशी, त्यावर अर्धे व्यावसायिक, शेंड्याला व्यावसायिक. प्रत्येक पायरीवर उभ्या असलेल्याला वरची पायरी दाखवणे हा त्या व्यवसायाचा प्राण आहे. आपण या पायरीवर का उभे आहोत, असा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक दुकानदाराला नको असते. त्याला हवे असते ‘अपग्रेड’ करणारे.

या शिडीची उंची पाहू. कॅननचा ईओएस आर-५ हा कॅमेरा २०२० साली भारतात आला तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत सुमारे ३ लाख ४० हजार रुपये होती. पुढच्याच वर्षी आलेल्या निकॉनच्या झेड-९ची पावणेपाच लाखांच्या घरात. नुसती बॉडी म्हणजे लेन्सवाचूनचा कॅमेरा. त्याने काहीही टिपता येत नाही. त्याच पंगतीतली एक लेन्स घेतली की आकडा पाच लाख ओलांडतो. मग तितक्याच वेगाचे कार्ड, जादा बॅटरी, तिपाई, फिल्टर, पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून कोरडे कपाट, आणि त्या अवाढव्य फायली उघडू शकेल असा संगणक. ‘कॅमेरा घेतला’ हे वाक्य म्हणूनच फसवे आहे. घेतली जाते ती एक व्यवस्था, आणि तिच्यात शिरल्यावर बाहेर पडण्याचे दार अरुंद असते, कारण एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर सरळ बसत नाही.

एवढी किंमत का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: भरवसा. ‘स्वस्तातला ऐन वेळी दगा देईल, हा देणार नाही.’ आमचा मुख्य वाद या उत्तराशी आहे. किंमत जास्त असणे हा ज्याच्या-त्याच्या पैशांचा प्रश्न म्हणून सोडूनही देता येईल. पण महाग ते भरवशाचे, हा सिद्धान्त तपासल्याशिवाय सोडता येत नाही.

इतिहास या सिद्धान्ताच्या बाजूने नाही. कॅननचा १-डी मार्क थ्री २००७ साली आला तो क्रीडा-छायाचित्रकारांसाठी, त्या कंपनीच्या अग्रभागी असलेला कॅमेरा म्हणून. आणि त्याच्या ऑटोफोकसमधील दोषावर कंपनीला दुरुस्ती जाहीर करावी लागली. त्याच कंपनीच्या पहिल्या ५-डीचा आतला आरसा सुटून पडू लागल्याचे २००९ साली मान्य करावे लागले. निकॉनच्या डी-६०० च्या सेन्सरवर २०१२ पासून धूळ आणि तेलाचे ठिपके दिसू लागले. वर्षभरातच डी-६१० बाजारात आला. लायकाचे नाव तर आमच्या तरुणपणी देवघरातल्या मूर्तीसारखे घेतले जाई. तिच्या २००९ सालच्या एम-९ या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील काच गंजते, हे २०१४ मध्ये उघड झाले. आणि वर उल्लेखिलेला आर-५? उच्च प्रतीचे चलच्चित्रण करताना तो तापतो व बंद पडतो, ही तक्रार त्याच्या जन्माबरोबरच आली. या कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या, काहींनी फुकट करून दिल्या, हे खरे. मुद्दा एवढाच की किंमत ही निर्दोषतेची हमी नव्हती. नवे तंत्र पहिल्यांदा येते ते सर्वांत महागड्या यंत्रात. तेव्हा त्या तंत्राची पहिली परीक्षाही तिथेच होते, आणि परीक्षेची फी गिऱ्हाईक भरते.

तापण्यावरून आठवले. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत, वापराचे तापमान दिलेले असते. आर-५ साठी ते ० ते ४० अंश सेल्सियस आहे. इतरांचेही वरचे टोक सहसा हेच. आता खानदेशातला मे महिना डोळ्यांपुढे आणा. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपाशी घुटमळतो आणि चाळीसगावही काही महाबळेश्वर नव्हे. म्हणजे आमच्याकडची लग्नसराई, यात्रा, केळीच्या बागांवरून वाहणारी ती भाजरी हवा, यांतले कितीतरी दिवस कंपनीच्या दृष्टीने ‘वापराच्या मर्यादेबाहेर’ आहेत! कॅमेरा त्या उन्हात लगेच बंद पडतो असे नाही, पडत नाहीच. पण ज्या भरवशासाठी लाखो रुपये मोजले, तो भरवसा लिहून देणाऱ्याने आमचा उन्हाळा हिशेबात धरलेला नाही. ‘वेदर सीलिंग’ची गोष्टही अशीच. जाहिरातीत कॅमेऱ्यावर पाणी ओघळताना दिसते. पाणी आत गेले, तर वॉरंटीच्या अटी दुसरेच काही बोलतात.

आता शटरचा हिशेब. आर-५ चे शटर ५ लाख वेळा उघडझाप करण्याच्या कसोटीवर उतरवले आहे, असे कंपनी सांगते. मोठा आकडा आहे. दर आठवड्याला ५०० छायाचित्रे काढणारा हौशी माणूस (नोकरी, संसार आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून इतकी काढणारे आम्ही फार पाहिलेले नाहीत) हा आकडा गाठायला १९ वर्षे घेईल. तोवर त्या कॅमेऱ्याचे सुटे भाग मिळतील का? कंपन्या उत्पादन थांबवल्यावर काही ठरावीक वर्षेच भाग पुरवतात. बॅटरी मिळेल का? लेन्सची जोडणी तीच राहील का? कॅननने १९८७ साली जोडणी बदलली आणि जुन्या लेन्सचे संग्रह एका दिवसात अनाथ झाले. २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोघांनीही नव्या आरसाविरहित कॅमेऱ्यांसाठी नवी जोडणी आणली. या वेळी जुन्या लेन्ससाठी अडॅप्टर दिला, पण नव्या लेन्सचा रस्ता नव्या बॉडीकडेच जातो. काही घराणी तर उठूनच गेली. क्योसेराने २००५ साली कॉन्टॅक्स बंद केले, कोनिका मिनोल्टाने २००६ साली कॅमेरे सोडले, ऑलिंपसचा कॅमेरा-विभाग २०२१ च्या आरंभी दुसऱ्या हाती गेला. यंत्र १९ वर्षे टिकेल. यंत्राभोवतीचे जग टिकत नाही. हौशी माणसाला विकला जातो तो असा टिकाऊपणा, जो वापरून संपवणे त्याच्या आवाक्यातच नाही.

इथे कोणी म्हणेल, व्यावसायिक लोक हेच कॅमेरे वापरतात, ते वेडे आहेत काय? मुळीच नाहीत. पण त्यांचा भरवसा कॅमेऱ्यात नसतो, तो दुसऱ्या कॅमेऱ्यात असतो. लग्नाचे काम घेणारा शहाणा छायाचित्रकार गळ्यात दोन बॉडी अडकवून मांडवात शिरतो. बिघाड झाला तर कंपन्यांची व्यावसायिकांसाठीची वेगळी सेवा असते, तिचे सभासदत्व सहसा जवळच्या महागड्या सामग्रीवर ठरते, आणि तीत दुरुस्ती लवकर होते, कधी बदली यंत्रही मिळते. शिवाय दुरुस्तीचा खर्च तो गिऱ्हाइकाच्या बिलात वाटून टाकतो. हौशी माणसाकडे यांपैकी काही नाही. त्याची सारी पुंजी एका बॉडीत अडकलेली असते. म्हणजे तेच यंत्र व्यावसायिकाच्या हातात भरवशाचे आणि हौशी माणसाच्या हातात बेभरवशाचे असते, आणि हा फरक यंत्राच्या माहितीपत्रकात कधीही छापला जात नाही.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. नोकरी लागल्यावर त्याने हप्त्यांवर एक भारी कॅमेरा घेतला. आठव्या महिन्यात पडद्यावर चुकीचा क्रमांक उमटून तो बंद झाला. गावात कोणी हात लावेना. लावला तर वॉरंटी जाते. कुरिअरने तो मोठ्या शहरातल्या सेवाकेंद्रात गेला आणि साडेसहा आठवड्यांनी परत आला. त्या साडेसहा आठवड्यांत पाटणादेवीच्या जंगलात पावसाने रंग पालटला होता. हप्ते मात्र दोन गेले, वेळेवर. परत आल्यावर त्याने तो कॅमेरा पावसात नेणे सोडून दिले, मग धुळीत नेणे सोडले, मग एस.टी.ने प्रवास करताना नेणे सोडले. आता तो घरातल्या कपाटात सुरक्षित आहे. भेटल्यावर मुलगा म्हणाला, “सर, खराब होईल म्हणून भीती वाटते.” आमच्या मते या प्रकरणातला खरा बिघाड पडद्यावरच्या क्रमांकाने झाला नाही. तो या भीतीने झाला.

मम्मटाने काव्याची कारणे सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही त्रयी सांगितली, हे आमचे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. यांतला अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे. छायाचित्रणात अभ्यासाला यंत्र लागते, आणि ते रोज हाताशी लागते. म्हणून हौशी माणसापुरती भरवशाची आमची व्याख्या साधी आहे: वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी किती दिवस ते यंत्र निर्धास्तपणे हातात असते? या मोजपट्टीवर वापरलेला, ओरखडे पडलेला, पंचवीस-तीस हजारांत मिळणारा जुना डिजिटल कॅमेरा कपाटातल्या पाच लाखांच्या व्यवस्थेला सहज हरवतो. तो पडला तर वाईट वाटते; आयुष्य थांबत नाही.

याच्या अगदी उलट्या टोकाला बसलेल्या मंडळींशीही आमचे पटत नाही, हे इथेच सांगून टाकतो. ‘कॅमेरा महत्त्वाचा नाही, नजर महत्त्वाची’ हे त्यांचे सुभाषित. समारंभात टाळी घेणारे आहे, पण आळशी आहे. ‘लेखणी महत्त्वाची नाही, प्रतिभा महत्त्वाची’ असे म्हणून व्याकरण टाळणाऱ्या कवींच्या जातकुळीतले. छायाचित्र ही हाताने, प्रकाशाने, वस्तूंनी, वेळेने करायची गोष्ट आहे. नुसत्या नजरेने होत नाही. हे कळण्यासाठी आम्हां चाळीसगावकरांना लांब जावे लागत नाही. रेल्वे स्टेशनाच्या जवळच केकी मूस यांचे घर आहे.

मूस यांच्याविषयी गावाबाहेरच्या माणसाला एकच गोष्ट ठाऊक असते: पंजाब मेलने येण्याचे वचन दिलेल्या कुणा स्त्रीची वाट पाहत त्यांनी त्या घरात आयुष्य काढले. खरीखोटी कशीही असो, गोष्ट सुंदर आहे. योगायोग असा की मूस यांचा जन्म आणि पंजाब मेलचा प्रारंभ दोन्ही १९१२ चे. पण या दंतकथेने एक मोठा अन्याय केला. साहित्याच्या अभ्यासात संहिता बाजूला ठेवून कवीचे प्रेमप्रकरण चघळत बसावे, तसे आम्ही मूस यांच्या बाबतीत दशकानुदशके केले. १९३० च्या दशकात परदेशी शिकून आलेला एक पारशी तरुण मुंबई सोडून चाळीसगावात राहतो, घराला रेम्ब्रांच्या नावाचे विश्रामस्थान म्हणतो आणि १९८९ च्या डिसेंबरअखेर मृत्यू येईतो जवळपास त्या घराबाहेर पडत नाही. तर मग तो छायाचित्रे कशाची काढतो? टेबलाची.

‘टेबलटॉप’ म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांतून एक जग उभे करणे. या प्रकारात मीठ बर्फ होते, काटकी वृक्ष होते, आरशाचा तुकडा तळे होतो, कापूस धुके होतो, आणि कडेचा दिवा चंद्राचे काम करतो. मूस यांची अशी छायाचित्रे पाहणाऱ्याला ती खरी निसर्गदृश्ये वाटतात, आणि हीच त्यांची ख्याती. आता थोडे तंत्र पाहू, कारण आमचा युक्तिवाद तिथेच आहे. दूरचे खरे निसर्गदृश्य आपल्याला पुढपासून मागपर्यंत स्पष्ट दिसते. टेबलावरचे दृश्य मात्र जवळचे असल्याने पुढची काटकी स्पष्ट केली की मागची पुसट होते, आणि पुसट झाली की सोंग उघडे पडते. यावर उपाय एकच: लेन्सचे छिद्र शक्य तितके लहान करायचे. छिद्र लहान झाले की प्रकाश कमी येतो. मग शटर काही सेकंद उघडे ठेवायचे. टेबलावरचे काहीच हलत नाही, त्यामुळे हे चालते. कॅमेरा पक्का बसवला की झाले.

आजच्या महागड्या व्यवस्थेत आपण पैसे कशाचे देतो, ते आता आठवा. सेकंदाला वीस-तीस चित्रे टिपण्याचे. पळत्या डोळ्याला धरून ठेवणाऱ्या ऑटोफोकसचे. अंधारातही निभावणाऱ्या सेन्सरचे. आणि मोठ्या छिद्राच्या लेन्सचे: ५० मिलिमीटरची एफ/१.२ लेन्स त्याच कंपनीच्या एफ/१.८ लेन्सच्या जवळपास दहापट किमतीला मिळते. मूस यांच्या टेबलापुढे यांतले काय उपयोगी पडेल? काहीच नाही. त्या दोन्ही लेन्सचे छिद्र एफ/१६ पर्यंत लहान केले, की दहापट किमतीचा फरक शोधायला भिंग घेऊन बसावे लागेल. पण याचा अर्थ ‘नजर पुरे’ असाही होत नाही. मीठ किती जाड दळायचे, काटकी कोणत्या झाडाची, दिवा किती बोटे सरकवला म्हणजे सावली मैलभर लांब वाटते, हे सारे हाताचे ज्ञान आहे, आणि ते चुकत-माकत, शेकडो वेळा मांडून-मोडून येते. मूस यांनी खर्च केला तो वेळ. तो हप्त्यांवर मिळत नाही.

एक अन्याय टाळण्यासाठी कबूल करतो: उडता पक्षी किंवा अंधाऱ्या रंगमंचावरचे नाटक टिपायचे असेल, तर टेबलाचा हा युक्तिवाद लागू पडत नाही. गौताळ्याच्या जंगलात पहाटे उभा राहणारा माणूस लांब लेन्स मागतो, ती त्याची गरज आहे, चैन नाही. आक्षेप आहे तो गरज ठरण्याआधीच यंत्र ठरण्याला. पक्ष्यांच्या मागे कधीही न गेलेला माणूस पक्ष्यांसाठी बनवलेला ऑटोफोकस घेतो, आणि मग त्याला साजेसे पक्षी शोधत फिरतो. जिल्ह्यातल्या एका छायाचित्र स्पर्धेच्या पत्रकात तर चित्र किमान किती मेगापिक्सेलचे हवे याचा नियम आम्ही वाचला. चित्र कशाचे हवे याविषयी एक ओळही नव्हती. पत्रकाच्या माथ्यावर मूस यांचे नाव मात्र होते.

आणि भरवशाविषयी आमच्या परिसरातले आणखी एक उदाहरण द्यायचे राहिले. आमच्या पूर्वेला, अजिंठ्याला, रॉबर्ट गिल १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून छायाचित्रे काढीत होता. त्या काळी काचेवर ओले रसायन लावायचे, ते वाळण्याच्या आत चित्र टिपायचे आणि तिथल्या तिथे अंधाऱ्या तंबूत धुवायचे. याहून बेभरवशाचे तंत्र कल्पिता येणार नाही. रसायन उन्हात उडून जाई, काच तडके. तरीही १८६४ साली त्याच्या शंभर द्विनेत्री चित्रांचे पुस्तक निघाले. गिलचा भरवसा यंत्र न बिघडण्यावर नव्हता. बिघडले तर काय करायचे ते त्याला ठाऊक होते आणि करण्याची मुभा होती. पेंटॅक्स के-१००० किंवा निकॉन एफएम-२ असे कॅमेरे एकेकाळी गावोगावच्या कारागिराला उघडता येत. बॅटरी संपली तरी प्रकाशमापक तेवढा बंद पडे, शटर चाले. आजचे यंत्र उघडण्याचा अधिकार आपण विकत घेतच नाही. फिल्मकडे परत जा असे आम्ही म्हणत नाही. आजच्या रोळाची किंमत पाहता तीही श्रीमंतांचीच हौस झाली आहे. पण पाच लाख देणाऱ्याने सुटे भाग किती वर्षे मिळणार, जवळची दुरुस्ती कुठे, आणि तोवर हातात काय, हे तीन प्रश्न लेखी उत्तरासह विचारावेत. आम्ही विचारून पाहिले. दुकानदार सज्जन होता. त्याने चहा मागवला आणि वाढीव वॉरंटीचे दरपत्रक पुढे केले.

महाविद्यालयांना यात करण्याजोगे बरेच आहे. वाङ्मयमंडळाच्या खर्चाने एकच भारी कॅमेरा घेऊन तो प्राचार्यांच्या कपाटात कुलूपबंद ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. समारंभाला बाहेर काढतात, तोही व्यावसायिक छायाचित्रकार आलेला असताना. त्याच पैशांत वापरलेल्या चार-पाच बॉडी, साध्या लेन्स, दोन तिपाया आणि एक टेबल येईल. पुस्तकासारखा कॅमेरा आठवडाभर घरी नेता यावा, त्यावर ओरखडा पडला तर दंड नसावा, आणि पहिल्या सत्रात प्रत्येकाने त्या टेबलावर घरातल्या पाच वस्तूंतून एक गाव उभे करावे, अशी योजना आम्ही लिहून दिली आहे. ग्रंथपालांनी कपाट देऊ केले आहे. लेखा विभागाचा आक्षेप आला तो असा, की वापरलेल्या वस्तूची खरेदी नियमात बसत नाही. नवा, महाग कॅमेरा मात्र बसतो.